बी चांगलं, पाकिटावरची माहिती चुकीची

वांग्याच्या बियांचं हे पाकीट मी ऑनलाइन मागवलं. वर लांब जांभळ्या वांग्याचं चित्र, आत मोजून ३० बिया. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ट्रेमध्ये एका खणात एक बी टाकलं. आठव्या दिवशी पहिला कोंब दिसला आणि पंधरवड्यात २४ रोपं उभी राहिली. पाचव्या आठवड्यात ती कुंड्यांत हलवली, एकही दगावलं नाही. उगवणीबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

फुलं तर सुरेखच. एक फूल जवळून पाहा: पाच टोकांची जांभळी चांदणी आणि मध्ये पिवळ्या परागकोशांचा जुडगा. प्रत्येक कोशाच्या टोकाला बारीक छिद्र असतं, पराग आत कोंडलेले. भुंगा फुलाला लटकून अंग थरथरवतो, त्याच्या गुणगुणण्याचा सूर एकदम चढतो आणि पराग भुरभुर खाली पडतात. बाल्कनीत भुंगे फिरकत नसतील तर सकाळी फुलांना हलकीशी टिचकी मारत जा, फळधारणा होते.

आता तक्रारी. तीन झाडांना लांब जांभळी नाही, तर कोंबडीच्या अंड्याएवढी पांढरीशुभ्र वांगी लागली. म्हणजे बियांची सरमिसळ झाली आहे. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर नाही. ही फळं हातात घेतल्यावर वांग्याचं 'एगप्लांट' (अंड्याचं झाड) हे इंग्रजी नाव कुठून आलं ते मात्र लगेच कळतं. अठराव्या शतकात इंग्रजांनी हे नाव दिलं ते अशाच पांढऱ्या, अंडाकृती फळांच्या जातीला. पुढे ते जांभळ्यालाही चिकटलं.

दुसरी तक्रार मला जास्त लागली. मी मराठी शिकवते, शब्द हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. पाकिटाच्या मागे वांग्याच्या आणखी दोन इंग्रजी नावांबद्दल छापलंय, 'ओबर्जिन' मूळचा फ्रेंच आणि 'ब्रिंजल' मूळचा इंग्रजी. हे साफ चूक आहे. दोन्ही एकाच शब्दाची लेकरं आहेत आणि तो शब्द भारतातून निघाला. संस्कृतात 'वातिंगण', त्यातूनच आपलं वांगं आणि हिंदीतलं बैंगन आलं. तोच शब्द फारसीत 'बादिंगान' झाला. अरबीत 'ग'चा 'ज' झाला, आणि शब्दाआधी 'अल' (इंग्रजी 'द'सारखं अरबी उपपद) लागला: 'अल-बादिंजान'. स्पेनमधल्या कातालान भाषेत हा 'अल' शब्दातच मुरला आणि 'आल्बर्जिनिया' झालं, त्याचं फ्रेंचांनी 'ओबर्जिन' केलं. पोर्तुगीजांनी 'अल' न घेता 'बेरिंजेला' म्हटलं, आणि ते भारतात आल्यावर इथल्या इंग्रजीत 'ब्रिंजल' रुजलं. म्हणजे शब्द फिरून घरीच आला, आणि पाकीट त्याला परका म्हणतंय!

पाकिटावर शास्त्रीय नाव 'सोलॅनम मेलोंजेना' बरोबर छापलंय. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली दिलेल्या या नावातला 'मेलोंजेना'सुद्धा ग्रीक आणि मध्ययुगीन लॅटिनमार्गे त्याच अरबी शब्दापर्यंत जातो. इटालियनमध्ये 'मेलांझाना' झाल्यावर लोकांनी त्यात 'मेला इन्साना', म्हणजे 'वेडं सफरचंद', ऐकलं. इतकं सगळं दोन ओळींत सहज मावलं असतं.

वाफाभर एकसारखी लांब वांगी हवी असतील तर हे पाकीट घेऊ नका. चार-सहा कुंड्यांसाठी जरूर घ्या. देठाला काटे आहेत, तोडताना कात्री वापरा. एक पांढरं फळ मी बियांसाठी झाडावरच पिवळं होऊ दिलंय. शेजारच्या जांभळ्या जातीचे पराग त्यात मिसळले असतील तर ते पुढच्या हंगामात दिसेलच.