रँडम की शॉक? छोट्या उपग्रहासाठी आधी काय करावं

वाळूजला गाड्यांच्या सुट्या भागांचं व्हायब्रेशन टेस्टिंग हे माझं रोजचं काम. मध्यंतरी लातूरकडच्या विद्यार्थ्यांची एक टीम भेटायला आली होती. क्यूबसॅट, म्हणजे छोटा डब्यासारखा उपग्रह, बनवताहेत. "सर, पैसे एकाच टेस्टपुरते आहेत. रँडम करू की शॉक?" त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हा प्रश्न आणखी कुणाला तरी पडणारच.

रॉकेट उडताना इंजिनाचा आणि हवेचा गडगडाट २० ते २००० हर्ट्झच्या सगळ्या फ्रीक्वेन्सी एकदम हलवतो. हे रँडम. शॉक त्याउलट क्षणाचा: टप्पे वेगळे करणारे स्फोटक बोल्ट फुटतात, काही मिलिसेकंदांत खेळ संपतो, पण त्यात १०,००० हर्ट्झपर्यंतची ऊर्जा असते. आकडे हजारो जीचे (एक जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण). पोरं या आकड्यांनाच घाबरतात. पण इतक्या वरच्या फ्रीक्वेन्सीला प्रत्यक्ष हालचाल अगदी सूक्ष्म असते, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला सहसा काही होत नाही. तडकतो तो क्रिस्टल, सिरॅमिक कपॅसिटर. फसतो तो रिले.

रँडमचा पहिला अंदाज वहीवर निघतो. माइल्सचं सूत्र घ्या: π/२, भागाची स्वतःची फ्रीक्वेन्सी, क्यू (त्या फ्रीक्वेन्सीला हादरा किती पट वाढतो) आणि त्या फ्रीक्वेन्सीवरची पीएसडी (दर हर्ट्झमागे हादऱ्याचा जोर, जी²/हर्ट्झमध्ये) यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं. सर्किटचं कार्ड २०० हर्ट्झला नाचतं, क्यू १० आणि नासाच्या सर्वसाधारण क्वालिफिकेशन पातळीतली ०.१६ पीएसडी धरली, तर उत्तर येतं सुमारे २२ जी. ही आरएमएस, म्हणजे एक प्रकारची सरासरी; प्रत्यक्ष झटके त्याहून वर जातात. म्हणून डिझाइनसाठी त्याची तिप्पट, म्हणजे ६७ जी. अर्ध्या किलोचा डबा आपल्या स्क्रूंना ३४ किलोच्या ओझ्यासारखा ओढणार! हा हिशोब केल्यावर त्यांच्यातल्या एका मुलीने तिथल्या तिथे स्क्रूची साइज बदलली.

शॉकसाठी स्पेक्ट्रम काढतात. ही कल्पना भूकंपशास्त्रातली, आपल्याला जवळची. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीची जमीन हलली तेव्हा जाड दगडी भिंतींची माळवदं बसली. त्याच हादऱ्याला वेगळ्या बांधणीचं घर वेगळं उत्तर देतं. हादरा एकच, पण प्रत्येक फ्रीक्वेन्सीच्या 'घराला' जास्तीत जास्त किती झटका बसतो, त्याचा आलेख म्हणजे शॉक रिस्पॉन्स स्पेक्ट्रम. मात्र इथे कॉम्प्युटर मॉडेलवर फार विसंबू नका. काही हजार हर्ट्झला प्रत्येक जोड, प्रत्येक वॉशर हिशोबात येतो आणि मॉडेलमध्ये तो नीट उतरत नाही. त्यापेक्षा कार्ड स्फोटक बोल्टापासून किती लांब आहे आणि मध्ये किती जोड आहेत, हे आधी मोजा.

सोयीचा मुद्दा आहेच. रँडमचं शेकर टेबल आपल्या औद्योगिक भागात मिळू शकतं. गाड्यांच्या भागांना देतात ती हाफ-साइन शॉक टेस्ट (एकच अर्ध्या लाटेसारखा धक्का) मात्र या कामाची नाही. ती खालच्या फ्रीक्वेन्सीला उगाच जास्त मार देते. खरा पायरोशॉक, म्हणजे स्फोटक बोल्टांचा शॉक, उभा करायला हातोडा मारून वाजवायची रेझोनंट प्लेट किंवा तशी खास व्यवस्था लागते.

म्हणून माझं मत: आधी रँडम. तुमचं एखादं नाजूक उपकरण सेपरेशन रिंगला (उपग्रह जिथून सुटतो त्या कड्याला) खेटून असेल किंवा रिले वापरला असेल, तरच शॉक आधी घ्या. लाँचवाल्यांच्या कागदात शॉक बंधनकारक असेल, तर अर्थातच पर्याय नाही. "रबर लावू का?" असंही विचारलं होतं. रबर शॉक खातं, पण त्याच रबरामुळे खालच्या फ्रीक्वेन्सीला डबा जास्त झुलतो. घाईने लावू नका.

आणि रँडमच्या आधी व नंतर हलका साइन स्वीप (एकेक फ्रीक्वेन्सी क्रमाने वाढवत हलवणं) करून दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. आमच्याकडे एकदा २१० हर्ट्झचं शिखर १९० वर घसरलं होतं. बाहेरून डबा कोरा करकरीत. उघडला तर आतला एक स्क्रू सुटून तळाशी पडलेला. तेव्हापासून मी टॉर्क दिल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून प्लेटपर्यंत मार्करची रेघ ओढतो.