फाउंड्री व्हीटीटी: लांब कॅम्पेन चालवणाऱ्या गेम मास्टरसाठी परीक्षण

फाउंड्री व्हीटीटी (व्हर्च्युअल टेबलटॉप) म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे पात्रं रंगवायचे खेळ ऑनलाइन खेळण्याचं सॉफ्टवेअर; खेळ चालवणारा तो गेम मास्टर. मे २०२० मध्ये आलेल्या या फाउंड्रीचं कौतुक होतं ते बहुतेक मॅपवरच्या प्रकाश-सावल्यांसाठी. वर्ष-दोन वर्षं चालणारं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशनमधून पुढे सरकणारी एकच गोष्ट, हातात असेल, तर ती घ्यायचं खरं कारण मात्र जर्नल, म्हणजे तिच्यातली नोंदवही, आहे.

जर्नलच्या पानावर एखाद्या एनपीसीचं (गेम मास्टर चालवतो त्या पात्राचं) शीट, म्हणजे माहितीचा तक्ता, ओढून सोडलं की तिथे लिंक तयार होते. सीन (मॅपसकट एखादी जागा), वस्तू, रोल टेबल (फासा टाकून निकाल काढायची यादी), दुसरं पान, सगळ्यांच्या बाबतीत हेच. त्यामुळे सराईचं एकच पान उघडलं तरी मालकिणीचं शीट, तळघराचा मॅप आणि अफवांचं टेबल एकेका क्लिकवर मिळतं. मजकुराचा जो भाग खेळाडूंपासून लपवायचा तो ‘सीक्रेट’ करून ठेवता येतो. पान त्यांना दाखवलं तरी तेवढा भाग दिसत नाही. तीसाव्या सेशनला पाचव्या सेशनमधला व्यापारी परत आला की या लिंकांची किंमत कळते. टेबल बनवताना एक पथ्य पाळायचं: आकड्यांच्या रांगेत खंड नको. १-२, ३-४ आणि ६ असं भरलं आणि फासा ५ पडला, तर त्या आकड्यासमोर काहीच लिहिलेलं नसतं.

लायसन्स एकदाच घ्यायचं, तेही फक्त गेम मास्टरने. खेळाडू ब्राउझरमधून येतात, त्यांना काही विकत घ्यावं लागत नाही. पण सर्व्हर सांभाळायची जबाबदारी आपल्यावर येते. स्वतःच्या कॉम्प्युटरवरून चालवायचं तर राउटरमध्ये ३०००० हा पोर्ट फॉरवर्ड करावा लागतो, म्हणजे बाहेरून त्यावर येणारी जोडणी आपल्या कॉम्प्युटरकडे वळवावी लागते. इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी देत असेल तर राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही; मग भाड्याचा सर्व्हर किंवा टनेल (बाहेरच्या सर्व्हरमधून वळवलेली जोडणी) वापरावा. पहिल्या सेशनच्या बऱ्याच आधी एका खेळाडूला त्याच्या घरून लॉगिन करायला सांगा. आपल्याच वायफायवर सगळं सुरळीत चाललं म्हणून बाहेरून चालेलच असं नाही.

वर्ल्ड (कॅम्पेनचा सगळा डेटा जिथे राहतो ते) तयार करताना सिस्टिम, म्हणजे कुठल्या खेळाचे नियम, नीट विचार करून निवडा, नंतर ती बदलता येत नाही. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम जवळपास पूर्ण आणि मोफत मिळतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मोफत सिस्टिममध्ये मात्र खुल्या परवान्यातला भागच असतो, बाकीचं विकत घ्यावं लागतं किंवा हाताने भरावं लागतं.

गोंधळ सगळ्यात जास्त होतो तो टोकनमध्ये, म्हणजे मॅपवरच्या सोंगट्यांमध्ये. खेळाडूंच्या पात्रांचं टोकन शीटला ‘लिंक’ केलेलं हवं, म्हणजे एका सीनमध्ये कमी झालेले हिट पॉइंट्स (पात्राचा जीव किती उरलाय त्याचा आकडा) पुढच्या सीनमध्येही कमीच दिसतात. राक्षसांचं मात्र लिंक केलेलं नको. सहा गॉब्लिन एकाच शीटला लिंक असतील तर एकाला बाण लागला की सहाही जखमी होतात. शिवाय मूळ, म्हणजे प्रोटोटाइप टोकनमध्ये केलेला बदल मॅपवर आधीच ठेवलेल्या टोकनवर उतरत नाही. ते काढून पुन्हा ठेवावं लागतं. आणि ‘मला सगळं काळं दिसतंय’ असं खेळाडू म्हणाला तर आधी दोन गोष्टी बघा: टोकनची व्हिजन (दृष्टी) चालू आहे का, आणि त्याला शीटची ओनर परवानगी दिली आहे का.

मॅपवर प्रकाश आणि नजर अडवणाऱ्या भिंतींच्या रेघा आखताना कंट्रोल दाबून ठेवलं की एकाला एक जोडून आखता येतात. टोकं जुळली नाहीत तर त्या फटीतून प्रकाश झिरपतो आणि पलीकडची खोली उघडी पडते. चित्रातली भिंत जाड असेल तर रेघ तिच्या मधोमध ओढावी. आतल्या कडेवर ओढली तर खेळाडूंना भिंतच दिसत नाही. मॅपची कुठलीही बाजू ८१९२ पिक्सेलच्या वर जाऊ देऊ नये, साध्या लॅपटॉपवर तो नीट उघडेलच असं नाही. चित्रासाठी पीएनजीऐवजी वेबपी हा फाइलचा प्रकार वापरला की फाइल बरीच हलकी होते.

हे सगळं करण्यात तयारीचा वेळ कसा निघून जातो ते कळत नाही, आणि या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा धोका मला हाच वाटतो. पुढच्या सेशनला जिथे लढाई नक्की होणार आहे तेवढ्याच सीनला भिंती आणि दिवे द्या. बाकी जागांसाठी एखादं चित्र पुरतं. वाचलेला वेळ एनपीसीला काय हवंय हे ठरवण्यात घाला. एका रात्रीत संपणाऱ्या खेळासाठी तर एवढा खटाटोप करूच नये, कागद-पेन्सिल घ्यावी.

मोठं अपडेट आलं की मॉड्यूल्स (फाउंड्रीत जादा सोयी घालणारे जोड-प्रोग्रॅम) बऱ्याचदा मोडतात, कारण त्यातली बहुतेक वेगवेगळ्या हौशी लोकांनी लिहिलेली असतात आणि प्रत्येक जण आपापल्या सवडीने दुरुस्ती करतो. नव्या आवृत्तीत एकदा उघडलेलं वर्ल्ड जुन्या आवृत्तीत परत नेता येत नाही. म्हणून कॅम्पेनचा एखादा टप्पा संपेपर्यंत अपडेट करू नका. करायचंच असेल तर डेटा फोल्डरची पूर्ण कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढा, सगळी मॉड्यूल्स बंद करून वर्ल्ड उघडा आणि मग एकेक चालू करत जा. सेशनच्या दिवशी अपडेटच्या बटणाला हात लावू नका.