वडील पितृत्वाच्या डीएनए चाचणीला तयार नसतील तर: घरगुती किट की कोर्टाचा आदेश?

दोन्हींत विज्ञान एकच आहे. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात आणि मुलाच्या डीएनएतल्या साधारण वीसेक खुणा पुरुषाच्या खुणांशी ताडून पाहतात. नातं असेल तर अहवालात बहुधा ९९.९ टक्क्यांहून जास्त संभाव्यता येते. आईचाही नमुना दिला तर निष्कर्ष आणखी पक्का होतो.

घरगुती किट स्वस्त आणि झटपट, पण काडी नक्की कोणाच्या तोंडात फिरली हे प्रयोगशाळेला कळत नाही. म्हणून असा अहवाल कोर्टात सहसा टिकत नाही. शिवाय त्यालाही समोरच्याची तयारी लागतेच. त्याच्या कंगव्यातले केस किंवा दाढीचं ब्लेड गुपचूप पाठवण्याचा मोह होतो, मला तो समजतो. तरीही तसं करू नका. काही देशांत तो गुन्हा आहे.

कोर्टाच्या मार्गाला महिने लागतात, मनस्तापही होतो. पण तिथे ओळखपत्र तपासलं जातं, फोटो आणि सही घेतली जाते, नमुना सीलबंद होऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो आणि तो कोणाकोणाच्या हातून गेला याची नोंद राहते. आदेशानंतरही त्याने नकार दिला, तर अनेक ठिकाणी न्यायाधीश त्या नकारावरून त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकतात. घरगुती किटमध्ये ही ताकद नाही.

पोटगी, वारसा किंवा जन्मदाखल्यावरचं नाव हवं असेल तर मी थेट वकील गाठायला सांगेन. वडील हयात नसतील तर आजी-आजोबांचे नमुनेही चालू शकतात, मात्र तो निष्कर्ष तितका ठाम नसतो.