स्मूदनिंगने खराब झालेले केस: एकदम कापायचे की हळूहळू वाढवायचे?

पार्लरमध्ये रसायनाने केस सरळ करून, म्हणजे स्मूदनिंग किंवा रीबाँडिंग करून वर्ष उलटलं, की एकाच डोक्यावर दोन प्रकारचे केस दिसू लागतात. टाळूजवळ आपले मूळचे कुरळे किंवा लाटदार, आणि खाली सरळ, कोरडे, फाटे फुटलेले. मूळचे केस परत हवे असतील तर रस्ते दोनच आहेत. खराब भाग एकदम कापून टाकायचा, किंवा नवे वाढू देत जुने थोडे थोडे कापत जायचे.

त्याआधी एक गोष्ट तपासा: तुमचे केस तुटताहेत की गळताहेत? कंगव्यात अडकलेला केस उजेडात धरा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून गळलाय. गाठ नसेल आणि तुकडा आखूड असेल तर मधेच तुटलाय. दिवसाला 50 ते 100 केस गळणं नेहमीचंच. डेंगी, टायफॉइड, बाळंतपण यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने जातात आणि बहुतेकींचे पुढे आपोआप येतात. गळती लांबतच गेली, भांग रुंद दिसू लागला किंवा टाळूवर चकत्या पडल्या, तर कात्री आणि तेल दोन्ही बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घ्या. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा, कारण त्यांनी थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

आता तुटणाऱ्या केसांबद्दल. टाळूबाहेर आलेला केस जिवंत नसतो, म्हणून तो जखमेसारखा भरून येत नाही. रीबाँडिंगमध्ये केसातल्या केराटिन या प्रथिनाचे गंधकाचे बंध रसायनाने तोडतात, तापलेल्या इस्त्रीने केस सरळ करतात आणि त्याच आकारात बंध पुन्हा जोडतात. सगळे बंध परत जुळत नाहीत. जो भाग असा गेला तो गेला. मूळ मात्र शाबूत असतं आणि त्यातून नवा, धडधाकट केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, कधी थोडा जास्त वाढतो. खांद्यापर्यंतच्या 30 सेंटिमीटर केसांना दोन ते अडीच वर्षं लागतात, ती कुठल्याही बाटलीने फारशी कमी होत नाहीत.

एकदम कापण्यात मोठा फायदा म्हणजे रोजचा त्रास त्याच दिवशी थांबतो. गुंता कमी, धुणं सोपं, आणि आपल्या केसांची खरी जात कळते. कित्येकींनी शाळेनंतर ती पाहिलेलीच नसते. अडचण दिसण्याची आणि घरच्यांची. ‘लग्नाचं बघताहेत, आत्ता नको कापूस’ हे वाक्य अनेक घरांत ऐकू येतं, आणि ते ऐकणाऱ्या मुलीचा ताण खरा असतो. नृत्य शिकणाऱ्या, अंबाडा घालावाच लागणाऱ्या मुलींनाही हा रस्ता जड जातो.

हळूहळू वाढवताना लांबी राहते, वेणी राहते. दर दोन-तीन महिन्यांनी दोनेक सेंटिमीटर कापत गेलं, तर वर्षभरात लांबी फार न वाढताही नव्या केसांचा वाटा वाढत जातो. पण हा रस्ता मेहनतीचा आहे. नवा केस आणि जुना केस जिथे जुळतात तो सांधा सगळ्यात नाजूक. ओल्या केसांत बारीक फणी घातली की तिथेच तुटतं. कंडिशनर लावलेल्या केसांतून आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर येत गुंता काढायचा. दोन पोत लपवण्यासाठी रोज घट्ट पोनी बांधली तर कपाळाच्या कडेचे केस मुळापासून ओढले जातात. हे वर्षानुवर्षं चाललं तर तिथे केस परत येणंच थांबू शकतं. आणि लग्नकार्याच्या दिवशी मुळांवर इस्त्री फिरवायचा मोह झालाच, तर नवे केसही जुन्यांच्या रांगेत जाऊन बसतात.

माझं मत सांध्यावरून ठरतं. कोरड्या केसांची एक बट घेऊन सांध्याशी हलकेच ताणून बघा. केस टिकत असतील तर हळूहळू वाढवा. धुताना दर वेळी तुकडे हातात येत असतील, तर थांबण्यात लांबी वाचत नाही, ती तुटून वेडीवाकडी कमी होतेच. तेव्हा कापा. ब्लीच आणि स्मूदनिंग दोन्ही झालेल्या केसांना मी बहुतेकदा कापायलाच सांगेन.

पार्लर तिसरा रस्ता सुचवतं: मुळांचं ‘टच-अप’ किंवा वरून केराटिन. टच-अपमध्ये नव्या केसांनाही तेच रसायन लावतात, ते सांध्यावर दुसऱ्यांदा लागतं आणि मूळचे केस परत आणायची गोष्टच संपते. केराटिन ट्रीटमेंट केसांना लेप देते, तो काही महिन्यांत उतरतो. त्यातल्या काही मिश्रणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायू बाहेर पडतो. ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेली मिश्रणं वापरल्यावर मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणंही नोंदली गेली आहेत. खराब केसांवर उपाय म्हणून हे विकलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कुठलाही रस्ता घ्या, खोबरेल तेल सोडू नका. 2003 मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना छापली. तिघांत खोबरेलच केसाच्या आत शिरून धुताना जाणारं प्रथिन वाचवतं, असं त्यांना दिसलं. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे लक्षात ठेवूनही कारण पटण्यासारखं आहे: त्यातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असतात. न्हाण्याआधी तासभर केसांच्या लांबीला लावा. टाळूत कोंडा असेल तर मुळाशी चोळू नका. तेलाने केस कमी तुटतात, नवे उगवत नाहीत. बंध जोडणारी महागडी उत्पादनं हळूहळू वाढवणाऱ्यांना काही महिने उपयोगी पडू शकतात. कापणाऱ्यांना त्यांची गरज नाही.

कापायचं ठरलं तर कारागिराला केस कोरडे असताना कापायला सांगा. कुरळा केस वाळला की आखडतो. ओला असताना खांद्यावर आलेला केस वाळल्यावर हनुवटीपर्यंतही चढू शकतो, म्हणून पहिल्या बैठकीत हव्या त्या लांबीपेक्षा चार बोटं जास्तच ठेवून घ्या.