वर्डप्रेसचे प्लगइन : टाकणे सोपे, काढणे अवघड

स्वतःच्या होस्टिंगवर (भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या जागेवर) वर्डप्रेस ही संकेतस्थळ चालवण्याची प्रणाली बसवून एखाद्या वाचनालयाचे, शाळेचे, पतसंस्थेचे किंवा दिवाळी अंकाचे संकेतस्थळ चालवणाऱ्या व्यक्तीला लेख लिहिण्याच्या पानाखालोखाल ज्या पानावर सतत जावे लागते, ते म्हणजे डॅशबोर्डच्या (संकेतस्थळ सांभाळण्याच्या आतल्या पानाच्या) डाव्या पट्टीतील प्लगइनचे, म्हणजे जोडून घ्यायच्या सोयींचे, पान. वर्डप्रेस २००३ मध्ये आले आणि मे २००४ मधील १.२ या आवृत्तीपासून मूळ प्रणालीला हात न लावता तिच्यात भर घालण्याची सोय झाली. आज अधिकृत भांडारात सुमारे ६० हजार मोफत प्लगइन आहेत. हे परीक्षण कोणत्याही एका प्लगइनचे नसून ते शोधण्याच्या, टाकण्याच्या, अद्ययावत ठेवण्याच्या आणि काढण्याच्या व्यवस्थेचे आहे. ज्या संस्थेत पगारी तंत्रज्ञ नाही आणि संकेतस्थळ सांभाळणारा माणूस मूळचा ग्रंथपाल किंवा शिक्षक आहे, तिच्या सोयीगैरसोयीचा विचार त्यात केला आहे.

टाकण्याच्या कामाला जवळपास पूर्ण गुण द्यावे लागतील. नाव शोधावे, इन्स्टॉलचे बटण दाबावे, तेच बटण काही क्षणांत ॲक्टिव्हेटचे होते आणि काम संपते. बाहेरून विकत घेतलेल्या प्लगइनची झिप फाइल वर चढवण्याची सोयही तिथेच आहे. आधीच असलेल्या प्लगइनची नवी झिप चढवल्यास जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी दाखवून बदलायचे का, असे विचारले जाते. ही सोय ऑगस्ट २०२० मधील ५.५ आवृत्तीत आली. त्याआधी जुने काढून नवे टाकावे लागे. एप्रिल २०२४ च्या ६.५ आवृत्तीपासून, एखादे प्लगइन दुसऱ्यावर अवलंबून असल्याचे निर्मात्याने नोंदवले असेल तर ते दुसरे चालू असल्याशिवाय पहिले सुरू करता येत नाही, आणि पहिले चालू असेपर्यंत दुसरे बंद करता येत नाही. स्वस्त होस्टिंगवर मोठी झिप अडते, कारण चढवायच्या फाइलची मर्यादा वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे त्या पीएचपीच्या मूळ मांडणीत अवघी २ एमबी असते. मात्र ती वाढवणे होस्टिंगवाल्याच्या हातात आहे, त्याचा दोष वर्डप्रेसला देता येणार नाही.

शोधाच्या यादीत प्रत्येक प्लगइनच्या कार्डवर तारे, सक्रिय स्थापनांचा ढोबळ आकडा, शेवटच्या अपडेटला किती काळ झाला आणि आपल्या आवृत्तीवर ते तपासले गेले आहे की नाही, एवढी माहिती असते. यांपैकी ताऱ्यांवर माझा सर्वांत कमी विश्वास आहे. शेवटच्या अपडेटची तारीख आणि मदतीच्या चर्चेत निर्माता शेवटचे उत्तर कधी देऊन गेला, या दोन गोष्टी पाहिल्या की पुष्कळसे कळते. पण ते प्लगइन संकेतस्थळावर किती भार टाकील, डेटाबेसमध्ये स्वतःची किती कोष्टके उघडील, प्रत्येक पानावर आपली स्क्रिप्ट घुसडील की फक्त गरजेच्या पानावर, याचा त्या कार्डवर मागमूस नसतो. बटण इतके हाताशी आणि परिणाम इतका नजरेआड असल्यामुळे लहान संस्थांच्या संकेतस्थळांवर तीस-तीस, चाळीस-चाळीस प्लगइन साचलेले दिसतात.

त्यांतील कित्येकांची मुळात गरजच नसते. मराठी संकेतस्थळांवर हमखास आढळणारे उदाहरण म्हणजे देवनागरी फॉन्टसाठी टाकलेले प्लगइन. ६.५ आवृत्तीपासून ब्लॉक थीममध्ये (ठोकळे जुळवून बनवलेल्या नव्या धाटणीच्या रूपात) फॉन्ट लायब्ररी आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडवलेला ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हा फॉन्ट तिथून थेट आपल्या सर्व्हरवर घेता येतो आणि प्लगइनची गरज उरत नाही.

लेखाच्या वेब-पत्त्याची अडचण मात्र खरी आहे. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता तयार करते आणि त्यासाठी २०० अक्षरांची मर्यादा पाळते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तसुद्धा, पत्त्यात साठवताना नऊ रोमन अक्षरांची जागा घेते, त्यामुळे मराठी शीर्षकाची जेमतेम बावीस चिन्हे मावतात. ‘सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा इतिहास’ असे शीर्षक दिले की पत्ता ‘सावंतवाडीच्या-लाकडी-खेळण’ एवढ्यावर तुटतो, आणि तो व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्के-चिन्हांची लांबलचक माळ होऊन समोरच्याकडे पोहोचण्याची शक्यताही असते. यावर लिप्यंतर करणारी प्लगइन आहेत. आठवड्याला दोन लेख टाकणाऱ्याने लेखाशेजारच्या रकान्यात पत्ता हाताने रोमन लिपीत लिहावा, हेच मला अधिक पटते. रोज पंधरा बातम्या टाकणाऱ्या स्थानिक वृत्तस्थळाला मात्र असे प्लगइन अवश्य घेता येईल.

अपडेटच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत खूपच सुधारणा झाली आहे. ५.५ मध्ये प्रत्येक प्लगइनच्या ओळीत स्वयंचलित अपडेटचा पर्याय आला. ऑगस्ट २०२३ च्या ६.३ पासून हाताने केलेले अपडेट मध्येच फसले तर जुनी प्रत आपोआप परत बसवली जाते, आणि जुलै २०२४ च्या ६.६ पासून स्वयंचलित अपडेटनंतर संकेतस्थळ कोसळले तर तेही मागे घेतले जाते. ही तपासणी फक्त पीएचपीचा जीवघेणा दोष ओळखते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. अपडेटनंतर सभासद नोंदणीचा अर्ज मुकाट्याने पोहोचायचा थांबला, तर व्यवस्थेच्या दृष्टीने सारे आलबेल असते. म्हणून अर्ज, देणगी आणि विक्री यांची प्लगइन मी स्वयंचलित यादीत ठेवत नाही. बॅकअप घेऊन ती हाताने अपडेट करावीत आणि लगेच एक अर्ज स्वतः भरून पाहावा. बाकीच्यांना मोकळे सोडावे, कारण उशीर करणेही धोक्याचे असते. ऑगस्ट २०२४ मध्ये लाइटस्पीड कॅश या, तयार पाने साठवून संकेतस्थळाचा वेग वाढवणाऱ्या आणि ५० लाखांहून अधिक संकेतस्थळांवर असलेल्या प्लगइनमध्ये गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा दुरुस्त आवृत्ती आधीच उपलब्ध होती. धोका होता तो ती न घेतलेल्यांना. आणखी एक बारकावा असा, की स्वयंचलित अपडेट दिवसातून दोनदा व्हावेत अशी योजना असली तरी ते कोणी पान उघडल्यावरच सुरू होतात, त्यामुळे ज्या संकेतस्थळाकडे कोणी फिरकत नाही तिथे ते रेंगाळतात.

अपडेट चालू असताना वाचकाला देखभालीची सूचना दिसते. इंटरनेट तुटून काम अर्धवट राहिले तर ती तशीच दिसत राहते आणि सांभाळणारा घाबरून जातो. वास्तविक दहा मिनिटांनी वर्डप्रेस ती स्वतःच दुर्लक्षित करते. एवढे एक वाक्य डॅशबोर्डने कुठेतरी लिहून ठेवले असते, तर होस्टिंग कंपन्यांचे कितीतरी फोन वाचले असते.

खरोखरच पांढरे पान समोर आले तर २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासूनची रिकव्हरी मोडची सोय कामी येते. प्रशासकाच्या पत्त्यावर ईमेल जातो, त्यात दोषी प्लगइनचे नाव आणि आत शिरण्याचा खास दुवा असतो. या दुव्याने आत गेल्यावर ते प्लगइन फक्त आपल्यापुरते थांबलेले असते. आपण ते रीतसर बंद करेपर्यंत वाचकांना दोषच दिसत राहतो. सोय उत्तम आहे, पण ती सर्वस्वी ईमेलवर विसंबून आहे. अनेक संस्थांत तो पत्ता चार वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या मुलाचा असतो, आणि स्वस्त होस्टिंगवरून निघालेले ईमेल पुष्कळदा पोहोचतच नाहीत. अशा वेळी होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन सर्व प्लगइन ज्यात असतात त्या मुख्य फोल्डरचे नाव बदलावे, डॅशबोर्डवरील प्लगइनचे पान एकदा उघडावे, की सगळी प्लगइन बंद पडतात. नंतर फोल्डरला मूळ नाव देऊन ती एकेक करून सुरू करावीत. सेटिंग्ज त्यामुळे जात नाहीत.

विश्वासार्हतेच्या बाबतीत मात्र ही व्यवस्था कमी पडते. डिस्प्ले विजेट्स हे सुमारे २ लाख संकेतस्थळांवरचे प्लगइन २०१७ मध्ये विकले गेले आणि नव्या मालकाने त्यात छुपा दरवाजा बसवला. त्यातून टाकलेला जाहिरातबाज मजकूर लॉगिन केलेल्या प्रशासकाला दिसत नसे, फक्त वाचकांना दिसे. जून २०२४ मध्ये काही निर्मात्यांची खाती हॅक होऊन भांडारातील प्लगइनमध्ये घातक कोड घुसला. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२४ पासून निर्मात्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची करण्यात आली, हे पाऊल स्वागतार्हच आहे. पण त्याच महिन्यात १२ तारखेला डब्ल्यूपी इंजिन या कंपनीशी चाललेल्या वादात भांडाराच्या चालकांनी तिचे ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स हे प्लगइन स्वतःच्या ताब्यात घेऊन नव्या नावाने पुढे चालवले, आणि ज्यांनी स्वयंचलित अपडेट सुरू ठेवले होते त्यांच्याकडे न विचारता ते बदलले गेले. डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर ते मूळ मालकाकडे परत गेले. प्लगइनची मालकी बदलली किंवा ते भांडारातून काढून टाकले गेले, तर आपल्या प्लगइनच्या पानावर त्याची साधी सूचनाही येत नाही. अपडेट येणे थांबते आणि सांभाळणाऱ्याला वाटते, काहीच बिघडलेले नाही.

प्लगइन काढून टाकणे हे तर या व्यवस्थेचे सर्वांत लंगडे अंग आहे. बंद केल्याने काहीच पुसले जात नाही, ते योग्यच आहे. पण डिलीट केल्यावरसुद्धा भाडेकरू गेला आणि माळा त्याच्या ट्रंकांनी भरलेलाच राहिला, अशी गत होते. डेटाबेसमधील कोष्टके राहतात, लेखांच्या मजकुरात चौकटी कंसांतले शॉर्टकोड (प्लगइनने वाचायचे छोटे संकेत) उघडे पडतात, आणि कॅशच्या प्लगइनने मूळ कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये लिहिलेली ओळही कधीकधी तशीच राहते. सर्वांत त्रासदायक ठरतात त्या प्रत्येक पानासोबत आपोआप वाचल्या जाणाऱ्या जुन्या सेटिंग्ज. त्यांचा एकूण आकार ८०० केबीच्या पुढे गेला तर ६.६ पासून साइट हेल्थच्या (संकेतस्थळाची तब्येत दाखवणाऱ्या) पानावर इशारा मिळतो, पण कोणत्या प्लगइनचे किती, हे तिथे कळत नाही.

साफसफाईची जबाबदारी वर्डप्रेसने निर्मात्यावर टाकली आहे आणि ती कोणी घेतो, कोणी घेत नाही. वूकॉमर्ससारखे विक्रीचे प्लगइन डिलीट केल्यावरही ऑर्डरी मुद्दाम जपून ठेवते. हिशेबाच्या दृष्टीने ते रास्तच म्हणावे लागेल. इतरांच्या सेटिंग्जमध्ये काढताना सर्व माहिती पुसण्याचा पर्याय बहुधा तळाशी दडलेला असतो. डिलीट करण्याआधी तो शोधून त्यावर खूण करावी, कारण प्लगइन गेल्यावर तो पर्यायही जातो. डिलीट दाबल्यावर येणारा खात्रीचा प्रश्नही लक्षपूर्वक वाचावा : प्लगइनच्या नावासोबत त्याचा डेटा काढण्याचाही उल्लेख असेल, तर निर्मात्याने आवराआवरीचा काही कोड दिलेला आहे, नुसते नाव असेल, तर मागे राहिलेले सामान डेटाबेसमध्ये जाऊन आपल्यालाच उचलावे लागणार आहे, आणि त्यासाठी आधी बॅकअप घेऊन मगच होकार द्यावा.