काही महिने रोज ऐकल्यावर टिकून राहिलेले फंक

गेले काही महिने मी फंक या अमेरिकेतील ठेकाप्रधान कृष्णवर्णीय संगीतप्रकारातील निवडक गाण्यांची एक यादी जवळजवळ रोज ऐकते आहे, आणि पहिल्या काही दिवसांत झालेले माझे मत आज बरेच बदलले आहे. सुरुवातीला ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा, जोर आणि गायकाचा आवेश मन वेधून घेतो. ती नवलाई ओसरली की ड्रम, बेस (खालच्या स्वरांची गिटार) आणि ठेका धरणारी गिटार यांनी आपापसांत वाटून घेतलेल्या जागा ऐकू येऊ लागतात. रोज ऐकूनही जी गाणी विटली नाहीत, त्या बहुतेकांमध्ये मोकळ्या सोडलेल्या जागा वाजवलेल्या स्वरांइतक्याच काटेकोरपणे राखलेल्या आहेत.

याचा सर्वांत स्पष्ट नमुना म्हणजे अमेरिकन गायक जेम्स ब्राऊन यांचे 1967 मधील 'कोल्ड स्वेट'. कडवेभर सुरावटीचा आधार बदलतच नाही. तो बदलतो तो फक्त मधल्या भागात, त्यामुळे ऐकणाऱ्याचे सगळे लक्ष लयीकडे जाते. ड्रमर क्लाइड स्टबलफिल्ड चौथ्या मात्रेवर अपेक्षित असलेला स्नेअरचा (तीक्ष्ण आवाजाच्या छोट्या ड्रमचा) ठोका अर्धी मात्रा पुढे ढकलतात, आणि त्या क्षणभराच्या पोकळीत शरीर आपोआप पुढे झुकते. पहिली मात्रा सर्वांनी मिळून पक्की धरायची, हा ब्राऊन यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. समेची वाट पाहण्याची सवय असलेल्या कानांना हे सुख ओळखीचे वाटेल. मात्र येथे ती पहिली मात्रा दर चार मात्रांनी येत असल्यामुळे ताण आणि सुटका यांचे चक्र फार लहान असते, आणि म्हणूनच पाय थांबत नाही.

'फंकी ड्रमर' (ध्वनिमुद्रण 1969, प्रकाशन 1970) हे गाणे मी सर्वाधिक वेळा ऐकले. उत्तरार्धात बाकीचे वादक थांबतात आणि सुमारे 20 सेकंद फक्त ड्रम वाजतो. त्याआधी ब्राऊन स्टबलफिल्ड यांना सोलो (एकट्याचे खास वादन) न वाजवता चालू असलेला ठेकाच कायम ठेवायला सांगतात, आणि तो निर्णय किती अचूक होता हे प्रत्येक वेळी नव्याने पटते. हाय-हॅटवर (पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) बारीक ठोके अखंड चालू असतात, स्नेअरवर दोन जोरकस ठोक्यांच्या मध्ये काठी नुसती टेकवल्यासारखे अतिशय हलके ठोके पडत राहतात, आणि मधूनच हाय-हॅट किंचित उघडून लगेच मिटते. ते हलके ठोके ऐकू यायला मला कित्येक आठवडे लागले. एकदा ऐकू आल्यावर मात्र त्यांच्याशिवाय त्या ठेक्याची कल्पनाच करता येत नाही. पुढे हाच तुकडा हिप-हॉपमध्ये असंख्य वेळा वापरला गेला. गीतकार म्हणून नोंद ब्राऊन यांची असल्यामुळे या वापराचे आर्थिक फळ स्टबलफिल्ड यांच्या वाट्याला फारसे आले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरातील 'द मीटर्स' या बँडचे 'सिसी स्ट्रट' (1969) तीन मिनिटांचे आहे आणि त्यात गायन नाही. लिओ नोसेंटेली यांची गिटार आणि जॉर्ज पोर्टर ज्युनिअर यांचा बेस एकच वाक्य एकत्र म्हणतात व थांबतात. तो थांबा झिगाबू मॉडेलिस्ट यांचा ड्रम भरून काढतो, पण कधीही पूर्ण भरत नाही. माझ्या मते संपूर्ण यादीत याच्याइतके टिकाऊ दुसरे काही नाही.

'स्लाय अँड द फॅमिली स्टोन' या बँडच्या 1969 अखेरच्या 'थँक यू' या गाण्यातील लॅरी ग्रॅहम यांचा बेस स्वतंत्रपणे ऐकावा. आईसोबत ड्रमरविना वाजवताना त्यांनी अंगठ्याने तार ठोकून बेस ड्रमचे (पायाने वाजवल्या जाणाऱ्या मोठ्या ड्रमचे) आणि बोटाने तार उपटून स्नेअरचे काम भागवले. ती गरज पुढे बेस वाजवण्याची एक स्वतंत्र शैली बनली. स्टीव्ही वंडर यांच्या 'सुपरस्टिशन'मध्ये (1972) ड्रम, क्लॅव्हिनेट (विजेवर चालणारे तारांचे कीबोर्ड) आणि मूग या सिंथेसायझरवरचा बेस हे सारे त्यांनी स्वतःच वाजवले आहे. एकाच माणसाच्या अंगातली लय तिन्ही वाद्यांत असल्यामुळे तिथला किंचित झोका कुठेही विस्कटत नाही.

ही गाणी कशावर ऐकावीत, हा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा महत्त्वाचा ठरला. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे 41 हर्ट्झ असतो आणि मोबाइलच्या स्पीकरमधून तो जवळजवळ येतच नाही. 1978 मध्ये गाजलेल्या, 'पार्लमेंट' या बँडच्या 'फ्लॅश लाइट'ला याचा सर्वाधिक फटका बसतो, कारण बर्नी वॉरेल यांनी मिनीमूग या सिंथेसायझरवर वाजवलेला सरकता बेस हाच त्या गाण्याचा कणा आहे. कान पूर्ण झाकणाऱ्या साध्या हेडफोनवर चित्र पालटते. बेस वाढवण्याची सोय मात्र मी आता कायम बंद ठेवते, कारण तिच्यामुळे बेस ड्रम आणि बेस गिटार एकमेकांत मिसळतात व ज्या फटींसाठी हे संगीत ऐकायचे त्याच बुजतात.

सगळेच रोजच्या वापरासाठी नाही. 'फ्लॅश लाइट'मध्ये थर इतके आहेत की सलग काही दिवस ऐकल्यावर कान दमतात. ते मोठ्या आवाजात, अधूनमधून ऐकावे. हर्बी हॅनकॉक यांचे 'कमिलिअन' (1973) 15 मिनिटांहून लांब आहे आणि सिंथेसायझरवरचा तो प्रसिद्ध बेस संपला की अनेक जण पुढे सरकतात. पुढे बेसची ती ओळ बाजूला पडते, विद्युत पियानोचा सोलो सुरू होतो आणि हार्वी मेसन यांचे ड्रमवादन जास्त मोकळे होते. माझ्या दृष्टीने उत्तम भाग तोच आहे. हाताशी पाव तास नसेल तर हे गाणे त्या दिवशी लावूच नये.