दोन टनी घडीची क्रेन: घ्या, पण आकड्यावर जाऊ नका

कंपनीचं नाव लिहीत नाही. बाजारातल्या लाल रंगाच्या घडीच्या इंजिन क्रेन बहुतेक एकाच बनावटीच्या असतात, स्टिकर तेवढा वेगळा. माझं गॅरेज कोल्हापूरचं, काम जुन्या गाड्यांचं.

आमच्याकडे येणारा हमखास विचारतो, "नुसता ब्लॉक तर उचलायचा, त्याला क्रेन कशाला?" खरं आहे. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा. हेड, क्रँक, पिस्टन, खालचा तेलाचा चेंबर सगळं काढलं की छोट्या चार सिलिंडरचा बिडाचा ब्लॉक साधारण ३५ ते ४५ किलो भरतो. दोन पोरं तो रिक्षात टाकून उद्यमनगरात बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर आतून कातून घ्यायला, नेतात. मारुतीच्या के-सिरीजसारखा ॲल्युमिनियमचा असेल तर आणखी हलका. पण एक तृतीयांशावर येतो असं समजू नका. बिडाची घनता ७.२, ॲल्युमिनियमची २.७ हे बरोबर, पण ॲल्युमिनियमच्या भिंती जाड ठेवाव्या लागतात आणि आत स्लीव्ह, म्हणजे पिस्टन फिरतो ती नळी, सहसा बिडाचीच असते.

पण गाडीतून नुसता ब्लॉक कधी निघतो का? ॲम्बॅसडरचं जुनं १४८९ सीसी इंजिन घ्या. ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचं. दीड क्विंटलच्या घरात जातं, गिअरबॉक्स वेगळाच. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं, तेवढीच सुटका.

आता दोन टनाची गोष्ट. तो आकडा आडवा दांडा पूर्ण आत असतानाचा. दांड्याला चार छिद्रं असतात, जसजसा बाहेर काढाल तसे १५००, १००० आणि टोकाला फक्त ५०० किलो. ॲम्बॅसडरच्या लांब नाकावरून इंजिनापर्यंत पोचायला दांडा बाहेर काढावाच लागतो, म्हणजे आपण खरेदी केली ती अर्ध्या टनाचीच क्रेन. इंजिनाला तेवढी पुरते. अडकलेलं माउंटिंग (इंजिन गाडीला धरून ठेवणारा जोड) झटक्यानं सुटलं की मात्र दांड्याला हिसका बसतो, म्हणून एक टनीच्या नादी लागू नका.

दांडा उचलणारा तेलाचा जॅक चांगला आहे. नवीन असताना व्हॉल्व्ह उघडा ठेवून थोडे हात मारा, आतली हवा निघते. नाहीतर हँडल स्पंजासारखं लागतं. व्हॉल्व्ह सोडताना अगदी केसभर फिरवायचा. चेनकप्पीवर सावकाश उतरवता येतं तसं इथं सवयीनंच जमतं.

चाकांना मात्र मार्क नाहीत. शहाबादी फरशीच्या सांध्यात अडकतात, आणि इंजिन उंचावर लोंबकळत असताना ढकललं तर सगळा डोलारा कलंडेल. हलवायचं तर आधी इंजिन घोट्याएवढं खाली घ्या. सोबतचे नटबोल्टही मला हलके वाटले, मी जास्त ताकदीचे, ८.८ ग्रेडचे घातले.

छताला पक्की गर्डर असेल तर चेनकप्पी स्वस्तात पडते, क्रेनची गरज नाही. पत्र्याच्या शेडवाल्यांनी ही क्रेनच घ्यावी. दुकानातच जॅक पूर्ण वर चढवून, थोडा वेळ तसाच ठेवून, जॅकच्या दांड्याजवळ तेल येतं का ते बोट फिरवून बघा.